प्रश्नचिन्हांची ओळ

"पोरगी मुकी हाय का रं?"

"नाय वो मावशी. बोलते. पण कॉम्प्युटरशी."

दोघं पत्र्याच्या पार्टिशनच्या पलीकडे होते. पत्रा वरपर्यंत गेलेला नव्हता, त्यामुळे चहाच्या उकळीसकट सगळं ऐकू येत होतं. मी तासभर त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि तेवढ्या वेळात फक्त "पासवर्ड?" आणि "थँक्यू" एवढंच बोलले होते. मावशींची शंका रास्त होती.

जागा मोहोपाड्याची. कारखान्यांतल्या कामगारांना आणणाऱ्या-सोडणाऱ्या बसगाड्यांच्या एका ठेकेदाराचा डेपो. डेपो म्हणजे मोठी शेड, मागे डिझेलचा वास, पुढे लोखंडी गेट आणि कोपऱ्यात पार्टिशन टाकून केलेलं ऑफिस. चहा आणि झाडलोट सुमन मावशींकडे. कुठली गाडी कुठल्या शिफ्टला, कुठल्या वाटेने जाणार हे बघणारा आणि तो जुना कॉम्प्युटर सांभाळणारा म्हणजे हेमंत. मावशींना उत्तर देणारा तोच.

मी दहिवलीची. कर्जतला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे, तिथे काम करते. आता या कामात बरीच वर्षं गेली. या दिवाळी अंकासाठी "कामातले गमतीदार अनुभव लिही" असं मला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आमच्या कामात गंमत कुठली? मग हा पत्र्यापलीकडचा संवाद आठवला.

काम काय, ते आधी सांगते, कारण घरीही ते नीट कुणाला माहीत नाही. आत्या सगळ्यांना सांगते, "ती ड्रायव्हर लावते." ऐकणाऱ्याला वाटतं मी लोकांना गाडीवर माणसं पुरवते. पण आत्याचं वाक्य चुकीचं नाही. हल्ली वेबसाइट कुणी पहिल्या विटेपासून बांधत नाही. तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्यात खिडक्या-दारं आपापली बसवायची. गिऱ्हाइकाची माहिती मात्र बहुतेक वेळा आधीपासूनच दुसरीकडे असते. वर्षानुवर्षं एखाद्या जुन्या डेटाबेसमध्ये भरलेली, कोपऱ्यातल्या धुळकट मशीनवर. नव्या सांगाड्याला जुन्याची भाषा येत नाही, जुन्याला नव्याची येत नाही. मग मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. तो इकडचा प्रश्न तिकडे नेतो, तिकडचं उत्तर इकडे आणतो. त्याचं नाव ड्रायव्हर. स्वतःच्या पदरचं त्याने काही घालायचं नाही. तो नीट चालला तर तो आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही. मला हे काम आवडलं ते त्यामुळेच असावं.

गिऱ्हाइकं एकेक असतात. नेरळच्या एका बिल्डरने जोडणी करायच्या आधी मला समोर बसवून विचारलं होतं, "आमचा डेटा बाहेर जाणार नाही ना? घरच्या पोरीसारखा जपलाय." मी मान हलवली. ते म्हणाले, "तोंडाने सांगा." मी सांगितलं, पण इतक्या हळू, की त्यांनी आमच्या सरांना फोन करून पुन्हा विचारून घेतलं. कर्जतच्या एका रोपवाटिकेची वेबसाइट रोज संध्याकाळी बंद पडायची. आम्ही केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, फ्रेमवर्कच्या आतून-बाहेरून तपासलं. शेवटी कळलं, की दिवेलागणीला रोपवाटिकेचे काका कॉम्प्युटरचा मेन स्विच खाली करून घरी जातात. सर म्हणाले, "काका, गिऱ्हाईक संध्याकाळीच बघतं हो." काका म्हणाले, "अंधारात रोपं कशाला बघायची? झाडं बी झोपतात तवा."

अशा ठिकाणी सर बोलतात आणि मी काम करते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी सगळे हाय-नाय बोलणारे. शाळेत घरचं तोंडातून निघालं की मुली हसायच्या, घरी शाळेतलं निघालं की चुलते हसायचे, "आली मड्डम." कुणीच हसू नये असा एक मार्ग होता, तो मी लवकर शोधला. त्याची इतकी सवय झाली, की टमटममधून उतरायचं असलं तरी "थांबवा" म्हणता येत नसे. कुणी दुसरं उतरेपर्यंत जायचं आणि मग मागे चालत यायचं.

मोहोपाड्याला सर आले नव्हते, मी एकटीच होते. काम असं होतं: गाड्यांची सगळी माहिती जुन्या डेटाबेसमध्ये, ती कामगारांना फोनवर दिसायला हवी होती. आपली गाडी कोणती, कुठे आली, ड्रायव्हर कोण. आणि दिसायला हवी होती मराठीत. त्या जुन्या मशीनवरचा जोडणीचा ड्रायव्हर इतका जुना होता, की आमचं फ्रेमवर्क त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हतं. मी धीर गोळा केला आणि हेमंतला म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर फार जुना झालाय. बदलल्याशिवाय जमणार नाही."

दारात कप फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. खाकी शर्टातले एक वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले होते.

"म्हंजे मी?"

ते काशिनाथमामा. डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. कर्जतच्या रूटवर त्यांची गाडी.

"माज्या गाडीला वरखडा दाखव एक," ते मला म्हणाले. "एक दाखव. मालकांनी पाठवलं तुला? असं पोरीबाळींच्या तोंडून सांगतात व्हय?"

मला सांगायचं होतं. इंग्रजीत वाक्य तयार झालं, मराठीत अर्धं झालं, आणि दोन्ही घशातच राहिली. मामांचे डोळे भरले होते. मी कीबोर्डकडे बघत राहिले.

"मामा, मामा," हेमंत हसत मध्ये आला, "तुमी नाय वो! कॉम्प्युटरचा ड्रायव्हर."

"कॉम्प्युटरला बी ड्रायव्हर असतो?"

"असतो ना."

मामांनी मशीनकडे संशयाने पाहिलं. "मंग लायसन कोन देतो त्याला?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या, हेमंत हसला, आणि मीही हसले. आवाज न करता. हेमंतने ते पाहिलं. संध्याकाळी मी मामांच्याच गाडीने कर्जतला निघाले. चौक गाव मागे पडलं, पळसदरी मागे पडली, दहिवली आली आणि गेली. शेवटच्या थांब्यावर मामांनी आरशात पाहिलं. "तू दहिवलीची ना गं? मंग? 'मामा थांबवा' म्हनायला काय दात दुखतात?"

पुढचं काम कर्जतहून करायचं होतं. जोडणी बसली की ती तपासावी लागते. त्यासाठी मी त्यांच्या डेटाबेसमध्ये 'टेस्ट' नावाचा एक रिकामा तक्ता केला. तिकडून हेमंतने त्यात काहीतरी लिहायचं, इकडे माझ्या वेब पानावर ते दिसतं का बघायचं. फोन करण्यापेक्षा हे मला सोपं. त्याला मेल केला, "एखादी मराठी ओळ टाका. कोणतीही."

थोड्या वेळाने ओळ आली. सगळी प्रश्नचिन्हं.

?????? ???? ?? ????

अशीच काहीतरी. चार-पाच शब्द असतील, मध्ये मोकळ्या जागा. हा आजार आमच्या धंद्यात नेहमीचा आहे. जुन्या डेटाबेसमधल्या तक्त्यांना फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक असतात. मराठी अक्षर आलं, की त्याच्या जागी ते एक प्रश्नचिन्ह ठेवून देतात. लोकांना वाटतं दिसण्यातली चूक आहे, फॉन्ट बदलला की येईल. तसं नसतं. त्या जागी आता खरोखर प्रश्नचिन्हच साठवलेलं असतं. अक्षर गेलेलं असतं.

मी इंग्रजीत कळवलं, की मराठी येत नाही, नुसती प्रश्नचिन्हं येतात. तुम्ही काय लिहिलं होतं?

बराच वेळ उत्तर नाही. मग त्याच तक्त्यात, रोमन लिपीत: "काही नाही. असंच."

मी तक्त्याचा रकाना बदलला, ड्रायव्हरला सांगितलं की आता जे येईल ते जसंच्या तसं ने. त्याला पुन्हा लिहायला सांगितलं. या वेळी ओळ नीट आली. "मावशी विचारते मुकी पोरगी परत कवा येनार."

मी एकटीच होते, तरी आजूबाजूला बघितलं. मग लिहिलं, "टेस्ट ओके."

अशी सुरुवात झाली. खरं तर मराठी तपासायला चार-पाच ओळी पुरतात. पण त्या गाड्या रोज धावत होत्या, रोज काही बदलत होतं, आणि जोडणी भरवशाची आहे का हे बघायला कुणीतरी रोज ओळ टाकायला हवीच होती. "दांड फाट्याला गाडी पंक्चर." "आज मामांनी विचारलं, नवा ड्रायव्हर दारू पित नाय ना." "चहा झाला?" मी मराठी टाइप करायला तेव्हा शिकले. एकेक अक्षर शोधून. "चहा झाला. तुमचा?" हे माझं पहिलं पूर्ण वाक्य. पाठवायच्या आधी मी शेवटचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि परत घातलं.

त्या तक्त्यात मला कुणी हसत नव्हतं. तिथे मी हाय-नाय लिहिलं तरी चालायचं. एकदा मी लिहिलं, "आमच्याकडं आज लाईट नाय." लिहिल्यावर लक्षात आलं, की घरचं बोलणं मी घराबाहेर पहिल्यांदाच वापरलं. हेमंतचं उत्तर आलं, "मॅडम, मराठी एकदम ओके."

सरांनी एक दिवस माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. "अजून काय टेस्टिंग चाललंय?"

"जोडाक्षरं तपासतेय सर."

सरांनी चष्मा वर केला. "'जेवण झालं का' यात जोडाक्षर कुठंय?"

जाताना सरच म्हणाले, "झालं का मग जेवण?" सर तसे भले आहेत.

पहिली ओळ मात्र तशीच होती. तक्ता उघडला की वरती तीच. आधी प्रश्नचिन्हांची ओळ आणि खाली आमचं सगळं बोलणं. मी त्यात वाक्यं बसवून बघायचे. एकेका अक्षराला, काना-मात्रेलाही, हलन्तालाही, एकेक चिन्ह. 'तुम्ही' इथे बसतं. 'बोलत' तिथे बसतं. पण तिथे तर 'परवा'ही बसतं, आणि 'मॅडम'ही. अंगठीच्या मापाची बोटं गावात खूप असतात, तसं ते होतं. हवं ते वाक्य बसवता यायचं, म्हणून कुठल्याच वाक्यावर विश्वास ठेवता यायचा नाही.

आणि खरी अडचण शेवटच्या चिन्हाची. पूर्णविराम तसल्या तक्त्याला ओळखता येतो, तो असता तर तसाच आला असता. तो नव्हता. शेवटीही प्रश्नचिन्ह होतं. पण ते हेमंतने दिलेलं खरं प्रश्नचिन्ह, की एखाद्या हरवलेल्या अक्षराच्या जागी आलेलं? दोन्ही दिसायला एकसारखी. नुसतं वाक्य असेल तर ते त्याचं त्याच्यापाशी. पण प्रश्न असेल, तर तो मला विचारलेला होता, आणि मी इतके दिवस उत्तर दिलेलं नव्हतं. विचारावं तर विचारून झालं होतं. "काही नाही. असंच." माणूस एकदा असंच म्हणाला, की पुन्हा विचारायला जास्त धीर लागतो.

आमच्या जोडणीत एक आकडा भरावा लागतो: पलीकडून उत्तर आलं नाही तर किती वेळ वाट बघायची. तो आकडा न भरता सोडला, तर काही ड्रायव्हर वाट बघतच राहतात. चूक दाखवत नाहीत, काही नाही. पान नुसतं फिरत राहतं. नव्या पोरांना मी हे आता आवर्जून शिकवते.

मग एके सकाळी ओळ आली. "मालकांनी गुजरातला नवा डेपो घेतलाय. तिकडचं मला बघायचंय. इकडचं सुरू झालं की जानार."

मी लिहिलं, "किती दिवसांसाठी?" खोडलं. "परत येणार ना?" खोडलं. "नका जाऊ" एवढं लिहून तर हात मांडीवरच घेतले. शेवटी पाठवलं ते "ओके." जेवायला डबा उघडला आणि तसाच बंद केला. त्याच्यानंतर चारी बाजूंनी कामाची घाई झाली. सिस्टीम सुरू झाली की तो जाणार, आणि सिस्टीम सुरू करणं माझं काम. मी ते नीट केलं. तेवढा अभिमान मला आहे.

सुरू करायच्या दिवशी मी मोहोपाड्याला गेले. सर कर्जतहून फोनवर होते. दुपारच्या शिफ्टच्या आधी आम्ही जुनं बंद करून नवं चालू केलं. शेडमध्ये सगळे आपापले फोन काढून उभे. आणि गाड्या दिसायला लागल्या. चौक, खालापूर, वावोशी, सगळी नावं मराठीत, एकही प्रश्नचिन्ह नाही. काशिनाथमामांनी फोन लांब धरून वाचलं, "कर्जत. चालक, काशिनाथ..." आणि पुढचं आडनाव वाचता वाचता त्यांचा आवाज मोठा झाला. "मावशे, हे बघ! माजं नाव!"

"म्हंजे नाय बदललं तुमाला," मावशी म्हणाल्या.

पेढे वाटले गेले. मी पार्टिशनच्या आत होते. सरांचा फोनवर आवाज आला, "टेस्ट टेबल काढलंस का? चालू सिस्टीमवर तसलं काही ठेवू नकोस." बरोबरच होतं. हा आमचा नियम आहे आणि मी तो स्वतः नव्या पोरांना सांगते.

हेमंत पेढा घेऊन दारात उभा होता. "ते पुसायचं ना आता?"

मी मान हलवली.

"सगळं?"

मी पुन्हा मान हलवली. मला वाटतं, मी काही बोलेन म्हणून तो थांबला. मग पेढा कीबोर्डशेजारी ठेवून गाड्या लावायला बाहेर गेला. मी तक्ता एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग आज्ञा दिली. आमच्याकडे पुसायला एक ओळ पुरते, आणि ती लगेच होते. उत्तरही लगेच येतं, 'पूर्ण झालं.'

मी बॅग घेतली, मावशींना नुसत्या मानेने "येते" म्हटलं आणि मामांच्या गाडीत बसले. कर्जतकडून दुसऱ्या शिफ्टची माणसं आणायला गाडी रिकामीच निघाली होती. मी खिडकीपाशी. मामांनी इंजिन चालू केलं. हेमंत लोखंडी गेट उघडून त्याला पाठ लावून उभा होता, गाडी जायची वाट बघत. गाडी हलली. एक-दोन हात पुढे गेली. तो खिडकीच्या समोर आला, आणि मागे सरकायला लागला.

"मामा, थांबवा."

मामांनी करकचून ब्रेक मारला आणि वळून पाहिलं. "अगं, अजून गेट बी गेलं नाय! दहिवली लांब हाय."

"मामा, थांबवा जरा."

मामांनी आधी माझ्याकडे, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि न बोलता इंजिन बंद केलं. शेड एकदम शांत झाली. मावशी किटली हातात घेऊन पायरीवर आल्या होत्या. मी खिडकीची काच सरकवली. ती अर्ध्यातच अडकली, तेवढ्यातूनच मी बोलले. बऱ्यापैकी मोठ्याने, कारण मावशींनीही मान वर केली.

"तुमच्या पहिल्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ते खरं होतं का, मला माहीत नाय. पण खरं असेल, तर माझं उत्तर हो हाय."